कमी बजेटमध्ये दहा मीटर नेमबाजीची एअर रायफल घेताना

नाशिकमध्ये पोरांना शूटिंगला घालणारे पालक बरेचदा आधी डायऑप्टर (बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट) नि शूटिंगच्या जॅकेटवर पैसे घालवतात, पण माझं स्पष्ट मत आहे की पहिले पैसे पीसीपी रायफलवर (सिलेंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) टाका, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. स्प्रिंगवालीत पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीत असतानाच रायफल आधी मागे मग पुढे हलते, पीसीपीत धक्का जवळपास नसतोच.

सेकंडहँड घेताना सिलेंडरवर कोरलेली तारीख नखाने धूळ खरवडून स्वतः वाचा, साधारण 10 वर्षांनी त्याची मुदत संपते आणि मॅचमध्ये तो चालत नाही, नवीन घ्यायचा तर खर्च वाढतो म्हणून भाव करतानाच ते धरा. 200 बार दाबाची हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा बराच खाली आला असेल तर सील गळतंय.

मग छर्रे. 4.49, 4.50 मिमी अशा वेगवेगळ्या हेड साइजचे (छर्र्याच्या डोक्याची जाडी) डबे थोडे थोडे आणा, रायफल शिकंज्यात पकडून प्रत्येकाचे पाच-पाच मारून बघा, ज्याच्या पाचांचं मिळून भोक सगळ्यात लहान तोच घ्या, कारण टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा आहे हो! बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) खांद्याला नीट बसवून घ्या, रायफलचं वजन मात्र 5.5 किलोच्या आत. जॅकेट नंतर.