रानात हायड्रोजेल टाकण्याआधी ते आपल्या बोअरच्या पाण्यात मोजून घ्या

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात एमएस्सी रसायनशास्त्राच्या मुलांना प्रकल्प करावा लागतो. पॉलिमरचा विषय घेतलेल्यांना मी पहिलं काम सांगते ते असं: सुट्टीला गावी जाताना रिकामी बाटली न्या आणि येताना घरच्या बोअरचं पाणी आणा. चाकूर, रेणापूर, औसा, निलंगा, कुठून कुठून बाटल्या येतात. टेबलावर मांडल्या की सगळं पाणी सारखंच दिसतं. प्रत्येकीत एकाच पुड्यातलं हायड्रोजेल, म्हणजे रानात ओल टिकावी म्हणून टाकतात ते पाणी शोषून फुगणारे दाणे, टाकून ठेवलं की दुसऱ्या दिवशी फरक लांबूनही कळतो.

हे काम सुरू झालं ते एका विद्यार्थ्याच्या वडिलांमुळे. कॉलेजात येऊन त्यांनी सरळ विचारलं, "बाई, पुड्यावर चारशे पट लिव्हलंय. खरंच एवढं पाणी धरतंय का ह्ये?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर पुड्यावर कधीच सापडत नाही. स्वतःच्या वजनाच्या चारशे पट पाणी, हा आकडा डिस्टिल्ड म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यातला असतो. आपल्या पाण्यातला आकडा आपणच काढायचा असतो. तो कसा काढायचा, ते पुढे सांगते. काटा, कापडाची पिशवी आणि संयम, एवढ्यावर हे काम होतं. शेतकऱ्यालाही करता येईल आणि एमएस्सीच्या मुलाला यात पूर्ण प्रकल्प मिळेल.

आधी जेल फुगतं कशामुळे ते बघू, कारण पुढची प्रत्येक खबरदारी त्यातूनच येते. हे जेल बहुधा सोडियम किंवा पोटॅशियम पॉलिअॅक्रिलेटचं असतं. पॉलिअॅक्रिलेट म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, बाजेच्या सुतळीसारख्या जागोजागी एकमेकींत अडकवलेल्या. साखळीवर ऋणभार चिकटलेले असतात आणि त्यांच्याभोवती सोडियमचे किंवा पोटॅशियमचे धनभारित आयन (भार असलेले कण) सुटे फिरतात. सुटे असले तरी ते जाळ्याबाहेर जाऊ शकत नाहीत, साखळीवरचा ऋणभार त्यांना धरून ठेवतो. त्यामुळे जेलच्या आत आयनांची गर्दी आणि बाहेर शुद्ध पाणी अशी स्थिती होते, आणि परासरणाने पाणी आत शिरत राहतं. साखळ्या ताणल्या जातात. अडकवलेल्या गाठी त्यांना मागे खेचतात. ओढ आणि ताण जिथे बरोबरीला येतात तिथे फुगणं थांबतं. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ साली या समतोलाचं समीकरण मांडलं, आणि जेलवर काम करणारा कुठल्याही देशातला विद्यार्थी अजून तिथूनच सुरुवात करतो. फ्लोरींना १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते मोठ्या रेणूंवरच्या एकूण कामासाठी.

आता बाहेरच्या पाण्यातच क्षार असतील तर? आतली गर्दी आणि बाहेरची गर्दी यांतला फरक कमी होतो आणि ओढ घटते. लिटरमागे ९ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, शुद्ध पाण्यात काही शे पट फुगणारं हे जेल साधारण तीस ते साठ पटींवर थांबतं. बोअरचं पाणी इतकं खारट नसतं, पण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि खरी अडचण तिथे आहे. त्याच्याकडे पुन्हा येते.

सामान असं लागेल. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, सोनाराकडे असतो तसा. बारीक विणीचं नायलॉनचं कापड, ज्यातून जेलचे कण निसटणार नाहीत. मच्छरदाणीची जाळी चालत नाही, कण बाहेर येतात. एक लिटरची भांडी. डिस्टिल्ड पाणी, तुलनेसाठी. मिळाला तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र.

कापडाच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवा. छोट्या शिवू नका. जेल फुगलं की पिशवी टम्म भरते, कापड त्याला दाबतं आणि आकडा कमी येतो. फुगल्यावरही पिशवी निम्मी रिकामी राहिली पाहिजे.

जेल आधी वाळवून घ्या. पावसाळ्यात उघड्या पुड्यातलं जेल हवेतली ओल ओढून घेतं आणि 'कोरडं' म्हणून आपण जे वजन करतो त्यातलं बरंचसं पाणीच असतं. लॅबमध्ये ओव्हन असेल तर १०५ अंशांवर तीन तास ठेवा, डेसिकेटरमध्ये (ओल न शिरणाऱ्या बंद भांड्यात) थंड होऊ द्या. घरी करणाऱ्याने उन्हाळ्यात कडक उन्हात पातळ पसरून वाळवलं तरी चालेल, फक्त लगेच झाकणाच्या डब्यात भरायचं. भुकटी हाताळताना नाकावर रुमाल बांधा, आणि फरशीवर सांडलं तर कोरडं असतानाच झाडून घ्या. ओलं झालं की त्यावरून पाय सटकतो.

आता ०.२ ग्रॅम जेल पिशवीत घालून तोंड बांधा आणि पिशवी एक लिटर पाण्यात सोडा. त्याच पाण्यात जेल नसलेली तशीच एक पिशवीही सोडा. ही रिकामी पिशवी मुलं हमखास टाळतात, पण ओल्या कापडात आणि दोऱ्यात किती पाणी धरलं जातं ते तिच्याशिवाय कळत नाही. भांड्यांवर झाकण ठेवा. मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये पंख्याखाली उघडं ठेवलेलं पाणी दिवसभरात चांगलंच उडतं आणि उरलेलं पाणी अधिक क्षारयुक्त होतं, म्हणजे प्रयोगाच्या मध्येच पाणी बदलल्यासारखं होतं.

वजन करायच्या वेळी पिशवी बाहेर काढून दहा मिनिटं टांगून ठेवा. पिळायची नाही, झटकायची नाही, टिश्यूने दाबायची नाही. प्रत्येक वेळी दहाच मिनिटं, घड्याळ लावून. निथळण्याचा वेळ बदलला की आकडा बदलतो आणि मग दोन पाण्यांची तुलना होऊच शकत नाही. वजन झालं की पिशवी परत पाण्यात सोडा. पहिलं रीडिंग पाच मिनिटांनी, मग पंधरा, तीस, मग एक तास, दोन, चार, आणि शेवटचं चोवीस तासांनी. हिशेब सोपा आहे: जेलच्या पिशवीच्या वजनातून ओल्या रिकाम्या पिशवीचं वजन वजा करा, त्यातून कोरड्या जेलचे ०.२ ग्रॅम वजा करा, आणि उरलेल्याला ०.२ ने भागा. एक ग्रॅम जेलने किती ग्रॅम पाणी घेतलं, ते मिळालं. प्रत्येक पाण्यासाठी किमान तीन पिशव्या लावा. एका पिशवीच्या आकड्यावर मी प्रकल्पात सही करत नाही.

कण किती मोठे आहेत तेही लिहून ठेवा. बारीक भुकटी काही मिनिटांत फुगते, दोन-तीन मिलिमीटरच्या दाण्याला काही तास लागतात. भौतिकशास्त्रज्ञ तोयोइची तानाका यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की जेलला फुगायला लागणारा वेळ त्याच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाणा दुप्पट मोठा, तर वेळ साधारण चौपट. तासाभरात काढलेल्या रीडिंगवरून मोठ्या दाण्याचं जेल वाईट ठरवलं तर त्याच्यावर अन्याय होतो.

आता कॅल्शियम. त्याच्या आयनावर दोन धनभार असतात, त्यामुळे तो एकाच वेळी दोन ऋणभारांना धरतो, बहुधा दोन वेगवेगळ्या साखळ्यांवरच्या. म्हणजे जाळ्यात नवी गाठ बसते. सोडियममुळे कमी झालेलं फुगणं शुद्ध पाण्यात टाकल्यावर बरंचसं परत येतं. कॅल्शियमची गाठ नुसत्या शुद्ध पाण्याने सुटत नाही. आपला सगळा भाग बेसाल्टच्या खडकावर आहे आणि त्या खडकाच्या भेगांतून येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा धरला आहे. शेतीच्या बोअरला तर असं कुठलं बंधन नसतं.

एक आकडेमोड करून बघा. ०.२ ग्रॅम पॉलिअॅक्रिलेटवर सगळे मिळून सुमारे दोन मिलिमोल ऋणभार असतात. ४०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियमचे आठ मिलिमोल धनभार असतात, म्हणजे जेलला पुरून चौपट. पण तेच जेल पेल्याभर पाण्यात टाकलं तर सगळ्या ऋणभारांना पुरेल इतकं कॅल्शियम त्या पेल्यात नसतंच, आणि जेल पुष्कळ फुगलेलं दिसतं. दुकानात काचेच्या ग्लासात दाखवतात ते म्हणूनच खोटं नसलं तरी पुरेसं नाही. रानात प्रत्येक पाळीला नवं पाणी येतं आणि नवं कॅल्शियम आणतं.

म्हणून माझ्या मते या प्रयोगाचा खरा भाग चोवीस तासांनंतर सुरू होतो. फुगलेली पिशवी सावलीत वाळवा, त्याच बोअरच्या ताज्या एक लिटर पाण्यात पुन्हा सोडा, पुन्हा मोजा. अशा निदान पाच फेऱ्या करा. प्रत्येक फेरीचा आकडा आलेखावर मांडला की ते जेल हंगामभर साथ देईल की दोन-तीन पाळ्यांत बसून जाईल, ते समोर दिसतं. सोबत पावसाच्या पाण्याची एक रांग लावा. पत्र्यावरची पहिली सर जाऊ द्यायची आणि नंतरचं पाणी धरायचं. ज्यांना कठीणपणा मोजता येतो त्यांनी ईडीटीएचं टायट्रेशन जरूर करावं. पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं. टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते सांगत नाही. सारखाच टीडीएस असलेल्या दोन गावांच्या पाण्यात जेल वेगवेगळं फुगतं ते यामुळेच.

मातीचा भारही बघायला हवा. वीतभर खोलीवर वरच्या मातीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीस ग्रॅमच्या आसपास येतो. चार सेंटिमीटर व्यासाच्या पाइपच्या तुकड्याला खालून कापड बांधा, आत जेल पसरा, वरून सैल बसणारी चकती ठेवून तिच्यावर पावणेचारशे ग्रॅमचं वजन ठेवा आणि पाइप पाण्याच्या ताटात उभा करा. मोकळं फुगणाऱ्या जेलपेक्षा आकडा खाली येईल, आणि तो रानाच्या जास्त जवळचा असेल.

आकडा हातात आला की एकराचा हिशेब करा. समजा एकरी एक किलो जेल टाकलं आणि आपल्या पाण्यात ते शंभर पट फुगतं. म्हणजे शंभर लिटर. एक मिलिमीटर पाऊस एकरावर चार हजार लिटर पाणी टाकतो. पुड्यावरचे चारशे पट खरे धरले तरी ते एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी बघितलं आहे त्यांना थेंबाची किंमत मला सांगायची गरज नाही, आणि म्हणूनच हा हिशेब न करता कुणी पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं. सगळ्या रानात फेकलेलं जेल फारसं पाणी साठवत नाही. त्याचा काही उपयोग व्हायचा असेल तर ते मुळाला लागून, ओळीत पडलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक पाळीला तेच पुन्हा भरतं.

रोपाच्या खड्ड्याची गोष्ट वेगळी आहे. सीताफळाच्या किंवा आंब्याच्या खड्ड्यात २५ ग्रॅम जेल मातीत नीट मिसळलं आणि भाराखाली ते साठ पट फुगलं, तर दीड लिटर पाणी अगदी मुळापाशी राहतं. पहिल्या उन्हाळ्यात लहान रोपाला त्याचा आधार होतो. तोही मुरमाड, हलक्या जमिनीत जास्त. आपली काळी माती स्वतःच फुगणाऱ्या चिकणमातीची आहे, पाणी धरायला तिला मदतीची तेवढी गरज नाही. तिच्यातल्या पाण्याचा मोठा भाग ती इतका घट्ट धरते की मुळांना तो ओढता येत नाही, ही तिची अडचण वेगळी.

मातीचं फुगणंही मोजता येतं. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्या, एकात डिस्टिल्ड पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरा, चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचं घनफळ रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त, तो तिचा मुक्त फुगवटा. स्थापत्यवाले पाया घालण्याआधी हीच चाचणी करतात. ज्या मातीचा फुगवटा जास्त, तिथे जेलवर खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

विकत घेताना जेल कशाचं आहे ते विचारा. पॉलिअॅक्रिलेटच्या साखळीचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो, तो मातीत फार सावकाश तुटतो. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने काढलेलं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवर आधारलेलं आहे. नावं काहीही असोत, दोन्हींना तीच पिशवी, तेच पाणी आणि तीच दहा मिनिटं लावा.

प्रयोग संपल्यावर फुगलेलं जेल सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. त्यावर मूठभर मीठ टाका, जेल पाणी सोडून आकसतं. पाणी गाळून टाका आणि उरलेला गोळा वाळवून कचऱ्यात द्या. मीठ लागलेलं हे जेल कुंडीत किंवा रानात टाकायचं नाही. बाटलीवर गावाचं नाव, बोअरची खोली, पाणी घेतल्याची तारीख आणि त्याआधी पाऊस झाला होता का, एवढं लिहिलेलं असू द्या. एकाच बोअरचं पाणी मे महिन्यात आणि सप्टेंबरात सारखं नसतं, त्यामुळे दोन्ही वेळा मोजा.