यूपीएसची बॅटरी: मीटर 12.6 दाखवत होता, तरी लाइट गेली की पीसी बंद

सांगलीत विश्रामबागला माझं टायपिंगचं दुकान आहे. लाइट गेली की यूपीएस (बॅटरीवर पीसी चालू ठेवणारा डबा) एकदा ओरडायचा आणि पीसी खटकन बंद. अर्धं टाइप केलेलं खरेदीखत दोनदा गेलं, फार जीव हळहळला.

प्लग काढून झाकण उघडलं. बॅटरीच्या कडा फुगलेल्या, टर्मिनलवर पांढरी भुकटी. तरी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली! यूपीएसचं सर्किटच गेलं असं वाटलं. मग गाडीचा 12 व्होल्टचा बल्ब जोडला, तर आकडा सरळ 9 वर. लोड टाकल्याशिवाय बॅटरीवर विश्वास ठेवू नका.

12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) नवी बसवली, लाल-काळी वायर दोनदा बघून. जुनी दुकानदाराला परत दिली. त्यात शिसं असतं. लेझर प्रिंटर आता यूपीएसवर नाही, थेट भिंतीच्या सॉकेटवर, कारण गरम होताना तो फार करंट ओढतो.