अ‍ॅक्वेरियमचं मीठ एकदम भरून ठेवलंय? मग ते सादळू नये म्हणून एवढं करा

आधी एक बघा, तुमच्याकडे मीठ नक्की कुठलं आहे. गोड्या पाण्याच्या टँकचं साधं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराईड, आणि मरीन (समुद्री माशांच्या) किंवा रीफ (प्रवाळांच्या) टँकचं मीठ म्हणजे सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं सगळं मिळून केलेलं मिक्स. पॅकिंग दिसायला सारखंच असतं म्हणून दोन्ही एकाच कोपऱ्यात ठेवली जातात, पण ओल लागल्यावर दोघांचं एकदम वेगळं होतं.

साध्या मिठाला हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटायला लागतं. मरीन मिक्समधलं मॅग्नेशियम क्लोराईड मात्र 33 टक्क्यांपासूनच पाणी ओढतं, कॅल्शियम क्लोराईड तर त्याच्याही आधी, म्हणजे आपल्याला कोरडी वाटते ती खोलीसुद्धा त्याला दमटच. बरं, साधं मीठ दगड झालं तर फक्त फोडायचा वैताग, मीठ तेच राहतं. मिक्स ओलं झालं की आतल्या आत कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुनखडी होते, ती परत विरघळत नाही, मग पाणी बनवलं की दुधाळ दिसतं, तळाला पांढरा गाळ बसतो आणि टेस्ट केली तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट-कार्बोनेट) दोन्ही कमी. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, मात्र बरोबर हजारी 35 दाखवते, म्हणून लोकांना कळतच नाही की बिघडलंय मीठ.

आता ठेवायचं कसं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच मोठी पिशवी आणि दर आठवड्याला तीच उघडायची. प्रत्येक वेळी आतली हवा बदलते, प्रत्येक वेळी थोडी ओल आत जाते. त्यामुळे आणल्या दिवशीच, हवा कोरडी असेल अशा वेळी, वाटण्या करून टाका. एका वेळच्या पाणी बदलाला लागतं तेवढं मीठ एका जाड झिपलॉक पिशवीत, हवा दाबून काढायची, आणि सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या बादलीत. व्हॅक्यूम करायचा मोह होतो पण मिठाचे दाणे टोकदार असतात, पातळ पिशवीला बारीक भोकं पडतात आणि आपण निर्धास्त बसतो.

मरीन मिक्स वाटायच्या आधी बंद बादली आडवी करून चांगली लोळवा. वाहतुकीत हलून हलून बारीक दाणे खाली जातात, जाड वर राहतात, तसंच वाटलं तर पहिल्या पिशवीत एक आणि शेवटच्या पिशवीत दुसरंच मिक्स.

बादली प्लॅस्टिकचीच घ्या, पत्र्याचा डबा गंजतो आणि तो गंज मिठात पडतो. झाकणाला रबरी रिंग हवी. रिकाम्या बादलीचं झाकण लावून ती उलटी करून पाण्यात दाबून धरा, कडेने बुडबुडे आले तर ती बादली मिठाच्या कामाची नाही. आणि हो, रिंगच्या खाचेत नेहमी मिठाचे चार दाणे अडकलेले असतात, दिसत नाहीत, बोटाने चाचपलं की खरखरतं. तेवढ्यामुळे झाकण केसभर वर राहतं आणि ओल तिथूनच आत शिरते. प्रत्येक वेळी बंद करण्याआधी कोरड्या फडक्याने ती खाच पुसायची. मला विचाराल तर बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण हे कराच.

जागा. टँकच्या खालचं कपाट सोयीचं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. संपच्या (टँकचं पाणी फिरवून गाळायच्या खालच्या टाकीच्या) शेजारी बादली ठेवली, झाकण नुसतं टेकवलेलं, आणि दोन महिन्यांनी आत अख्खी बादलीच्या आकाराची वीट 😅 कपाटात संपची वाफ सतत असते, त्यापेक्षा वाईट जागा घरात शोधून सापडणार नाही. उघड्या फरशीवरही थेट ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला. आणि बादली गार जागेतून आणली असेल तर लगेच उघडू नका, खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर गार मिठावर हवेतलं पाणी धरतं.

मीठ काढायला कोरडा प्लॅस्टिकचा चमचा, आणि तो बादलीतच ठेवायचा, टँकमध्ये हात घालून त्याच हाताने मीठ काढणारे आपण सगळेच असतो, निदान त्या दिवशी हात पुसा.

सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) चालतं, पण कापडी पुरचुंडीत बांधून झाकणाच्या आतून चिकटवा, पिशवी फाटून मणी मिठात मिसळले तर निवडत बसावं लागेल. रंग बदलणारं घ्यायचं तर केशरी घ्या, निळ्यात विषारी कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण 120 डिग्रीला तास-दोन तास तापवून परत वापरता येतं. फक्त गळक्या झाकणावर हा इलाज नाही, त्यात जेल चार दिवसांत भरून जातं.

आता समजा झालंच ओलं. मरीन मिक्स ओव्हनमध्ये वाळवू नका, उष्णतेने बायकार्बोनेट मोडतं आणि झालेली चुनखडी काही परत येत नाही. थोडे मऊ गोळे असतील आणि हाताने कुस्करले जात असतील तर पाणी बनवून टेस्ट करून मग ठरवा, दगड झाला असेल तर रीफला देऊ नका.

साध्या मिठाची वीट झाली असेल तर फोडतही बसू नका. बरणीत तुकडे टाका, पाणी भरा, हलवा, तळाला थोडं मीठ न विरघळता राहिलं पाहिजे. मग वरचं पाणी पूर्ण भरलेलं असतं, 10 मिलीमध्ये साधारण 3 ग्रॅम मीठ. म्हणजे लिटरमागे 1 ग्रॅम हवं असेल तर 30 लिटरच्या टँकला 100 मिली, आधी टँकच्याच पाण्यात पातळ करून, थोडं थोडं, माशांच्या अंगावर थेट न ओतता. बरणीतलं मीठ संपत आलं की विटेचा अजून एक तुकडा आत.