लिफ्टचा दरवाजा लावा!

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक काम दिलं होतं: थरारपटाची पहिली तीन मिनिटं शूट करून आणायची. पुढचा सिनेमा नसला तरी चालेल, पण बघणाऱ्याला चौथं मिनिट हवंसं वाटलं पाहिजे. आज मी अंधेरीत असिस्टंट एडिटर आहे, रोज ठाण्याहून ये-जा करते. नव्याने या कामात उतरणाऱ्यांसाठी माझी ती तीन मिनिटं कशी तयार झाली ते सांगते. ती मी दोनदा शूट केली, कारण पहिल्यांदा साफ फसली.

डोक्यात आधी ठाणे स्टेशन होतं. नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावर रात्री उशिरा उतरलेली मुलगी आणि स्टेशनबाहेरच्या सॅटिस नावाच्या पुलावर तिच्या मागे येणारा माणूस. पण रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला रीतसर परवानगी लागते, पैसे भरावे लागतात. विद्यार्थ्यांनी चोरून शूट करायच्या फंदात पडू नये. मग आम्ही नौपाड्यात आत्याच्या जुन्या चार मजली इमारतीत आलो. सेक्रेटरीकाकांकडून लेखी परवानगी घेतली, तीही दोन रात्रींची, साडेअकरा ते दीड.

पहिल्या वेळी मी तणावाचं जे जे साहित्य ऐकून होते ते सगळं ओतलं. तिरका कॅमेरा, हातात धरून हलणारे शॉट, जिन्यात टोपीवाला माणूस, दणदणीत पार्श्वसंगीत, दर दीड सेकंदाला कट. वर्गाने शांतपणे पाहिलं. कुणी दचकलं नाही. एका मुलाने विचारलं, "ती मध्येच खाली का गेली?" ती खाली गेलीच नव्हती. जिना चढताना एका शॉटमध्ये ती डावीकडून उजवीकडे जात होती आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे, कारण कॅमेरा मी तिच्या चालण्याच्या रेषेपलीकडे नेऊन ठेवला होता. कॅमेरा त्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा एकशेऐंशी अंशांचा नियम मला पुस्तकातून पाठ होता, जिन्यात विसरले. बघणारा दिशा शोधण्यात गुंतला की त्याला भीती वाटायला जागाच उरत नाही.

सरांनी दोनच प्रश्न विचारले. "तुझ्या सीनमध्ये तिला काय माहीत आहे? आणि मला काय माहीत आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिलाही काही माहीत नव्हतं आणि प्रेक्षकालाही. थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. सरांनी त्या दिवशी ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची (१९५८) सुरुवात दाखवली. कुणीतरी बॉम्बचं घड्याळ लावतो, तो गाडीच्या डिकीत ठेवतो, आणि ती गाडी सीमेवरच्या गावातून लोकांमधून हळूहळू जात राहते. तीन मिनिटांहून मोठा, एकही कट नसलेला शॉट. गाडीतली बाई म्हणतेसुद्धा की डोक्यात टिकटिक ऐकू येतेय, आणि कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. कट नसल्यामुळे आपल्याला सुटका नाही, घड्याळ आपल्याच आत चालू राहतं. मी वेगवान कटांनी जे करायला धडपडत होते ते तिथे कट न करण्याने झालं होतं.

आमचा बॉम्ब आम्हाला आत्याच्या लिफ्टमध्ये मिळाला. जाळीच्या लिफ्टच्या इमारतीत राहिलेल्यांना हे सांगायला नको: वर कुठल्याही मजल्यावर जाळी उघडी राहिली की लिफ्ट हलत नाही, आणि खाली उभा राहून माणूस ओरडतो, "लिफ्टचा दरवाजा लावा!" एका संध्याकाळी मी स्वतःच तसं ओरडले. वरून जाळी ओढल्याचा आवाज आला आणि लिफ्ट आली. कुणी लावली, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळचा सीन असा बांधला. पहिला शॉट चौथ्या मजल्यावर, कॅमेरा स्थिर. लिफ्टच्या जाळीत एक पुरुषी चप्पल अडकवलेली, मागे एका घराचं दार किलकिलं, दारावर आडनावाची पाटी. माणूस नाही. दुसरा शॉट तळमजल्यावर: मुलगी येते, पत्रपेटीतून विजेचं बिल काढते. पेटीवर तेच आडनाव. बस, एवढ्यात प्रेक्षक तिच्यापुढे गेला. ती बटण दाबते, लिफ्ट येत नाही. ती नेहमीसारखी ओरडते. थोडा वेळ काहीच नाही. मग वरून जाळी ओढल्याचा आवाज, खर्रर्र आणि खट्. ती पुन्हा बटण दाबते. लिफ्टचा तोल सांभाळणारा वजनाचा लोखंडी ठोकळा वर सरकू लागतो, म्हणजे लिफ्ट खाली निघाली. तिला हायसं वाटतं, आणि बघणाऱ्याला त्याच क्षणी धडकी भरते. अशी लिफ्ट खाली येताना जाळीतून आधी तिचा तळ दिसतो, मग आत कुणी असेल तर त्याचे पाय. आम्ही फक्त तळ दिसेपर्यंत थांबलो. तिथे काळा पडदा आणि नाव.

आता तंत्राचं, कारण नवीन मुलं इथेच अडतात.

आम्ही मोबाइलवर शूट केलं. बहुतेक फोनची मुख्य लेन्स मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशोबाने पंचवीसेक मिलिमीटरच्या जवळपासची, म्हणजे रुंद, बरंच काही फ्रेममध्ये घेणारी असते. तिने चेहऱ्याजवळ गेलात तर नाक मोठं दिसतं आणि भीतीऐवजी विचित्र वाटतं. क्लोजसाठी दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमची लेन्स वापरा. पॅसेजसाठी मात्र रुंदच बरी, आठ पावलांचा पॅसेज लांबलचक दिसतो. मुलीला फ्रेमच्या उजव्या कडेला उभं केलं आणि डावीकडे काळा जिना मोकळा ठेवला. पाहणाऱ्याची नजर त्या रिकाम्या जागेवर आपोआप जाते, तिथे कुणी ठेवायची गरज पडत नाही.

जिन्यातल्या दोन ट्यूबलाइट बंद करून एक ठेवली. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक करायला विसरू नका, नाहीतर फोन अंधाराला स्वतःहून उजळवतो आणि चित्र दाणेदार होतं. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ट्यूबखाली शटर सेकंदाच्या एक पन्नासांशवर ठेवलं आणि सेकंदाला पंचवीस फ्रेमने शूट केलं. पहिल्या वेळी तीस फ्रेम आणि एक साठांश होतं, त्यामुळे सगळ्या चित्रावरून पट्टे सरकत होते.

आवाजाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मला एडिटिंगकडे आवाजानेच ओढलं. सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या (१९६८) सुरुवातीला तीन बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघतात. कुरकुरणारी पवनचक्की, हॅटवर पडणारं थेंब थेंब पाणी, एक माशी, बाकी संगीत नाही. ते पाहून मी माझं पार्श्वसंगीत काढून टाकलं. मग लक्षात आलं की आमच्या रेकॉर्डिंगमध्ये सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची घरघर आहे. शूटच्या रात्री मी त्या पंपावर वैतागले होते. एडिटला हेडफोन लावून रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज, ऐकताना एका टेकमध्ये टाकी भरली आणि पंप बंद पडला. मी खुर्चीत ताठ झाले. घरघर चालू असताना ती मला ऐकूच येत नव्हती, थांबली तेव्हा कान उभे राहिले. तो क्षण उचलून मी तिच्या ओरडण्याच्या लगेच नंतर ठेवला.

हे जमलं ते आम्ही प्रत्येक जागेचा मिनिटभर रूम टोन घेतला होता म्हणून. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि नुसती जागा रेकॉर्ड करायची. कंटाळवाणं काम आहे, पण ते नसेल तर शांतता म्हणून तुमच्याकडे फक्त पूर्ण मुका ट्रॅक उरतो, आणि तो कानाला लगेच खोटा लागतो. जाळीचा आवाजही वेगळा घेतला, फोन तिसऱ्या मजल्यावर ठेवून. जवळून घेतलेला आवाज दुरून आल्यासारखा वाटत नाही, नुसता बारीक केला तरी.

मग प्रश्न होता, पंप थांबल्यापासून जाळी लागेपर्यंत किती थांबायचं. एक सेकंद ठेवला, शेजाऱ्याने जाळी लावली असं वाटलं. दोन सेकंदांनाही तसंच. सात सेकंदांना बघणारे चुळबुळले. आत्याला बसवून दाखवलं, तिला सिनेमातलं काही कळत नाही असं ती म्हणते. चार सेकंदांच्या कटला ती हळूच म्हणाली, "अगं, जिन्याने जा म्हणावं तिला." तो कट मी पक्का केला.

अभ्यासाची माझी एकच पद्धत आहे. आवडलेल्या थरारपटाचा पहिला सीन आधी आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून नुसता ऐका, तिसऱ्यांदा वही घेऊन बसा. प्रत्येक कटची वेळ लिहा आणि समोर दोन रकाने: पात्राला काय कळलं, मला काय कळलं. दोन रकान्यांत जिथे फरक पडतो तिथे खूण करा.

नोकरी शोधताना मी ही तीन मिनिटं घेऊन गेले. सुरुवातीचं काम म्हणजे आवाज आणि चित्र जुळवणं, क्लिपना नावं देणं, हार्ड डिस्कच्या नोंदी ठेवणं, हे आधीच सांगून ठेवते. मुलाखतीला बसलेल्या एडिटरनी सीन एकदा पाहिला, मागे नेला, ती ओरडते तिथे थांबवला आणि जाळी लागेपर्यंत एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजली. शंभर भरल्या.

"एवढी का थांबलीस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना पंपाबद्दल सांगायला सुरुवात केली.