कोल्हापूरहून परदेशातला छोटा कला-कोर्स: निवड, व्हिसा, सामान आणि परतीची तयारी

एक ते चार आठवड्यांच्या परदेशी कोर्सला विमान, राहणं, फी आणि व्हिसा धरून घरातले काही लाख सहज जातात. म्हणून कोर्स शोधायला बसण्याआधी कागदावर लिहून काढा: आपल्याला नेमकं काय येत नाही, आणि ते इथं का शिकता येत नाही?

जलरंगात निसर्गचित्र शिकायला कोल्हापूरच्या विद्यार्थ्यानं इटली गाठणं आम्हाला पटत नाही. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली वास्तववादी चित्रणाची शिस्त इथल्या कलाशाळांत आजही आहे. रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर चांगल्या हाताच्या माणसाशेजारी बसून जे मिळतं, ते तस्कानीतल्या ‘पेंटिंग हॉलिडे’त क्वचितच मिळेल. तिथं बऱ्याचदा सकाळी दोन तास चित्र, मग लांबलेलं जेवण आणि संध्याकाळी गावात फेरफटका असतो. सुट्टी म्हणून छान, शिक्षण म्हणून महाग.

पैसे द्यावेत ते इथं नसलेल्या यंत्रासाठी, इथं नसलेल्या साहित्यासाठी आणि समोरासमोर पाहायच्या मूळ कलाकृतींसाठी. एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लानं रेषा कोरून छपाई) आणि लिथोग्राफी (सपाट दगडावरून छपाई) करायची असेल तर व्हेनिसमधली स्कुओला इंतेर्नात्सिओनाले दि ग्राफिका पाहा. मोझाइकसाठी, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांसाठी, इटलीतलं रावेन्ना. तिथं सहाव्या शतकातली भिंतीवरची मोझाइक शहरातच आहेत आणि त्याच शहरात छोट्या कार्यशाळाही चालतात. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला चित्रकार ऑस्कर कोकोश्काने १९५३ मध्ये किल्ल्यात सुरू केलेली उन्हाळी अकादमी आजही भरते. वस्तू-डिझाइनसाठी फ्रान्समधल्या बुआबुशेच्या आठवडाभराच्या कार्यशाळा आहेत.

चामड्याच्या धंद्यातल्या घरांतल्या मुलांसाठी मिलानची आर्सुतोरिया ही शाळा विशेष विचार करण्याजोगी आहे. कापशी किंवा कोल्हापुरी चपलेचं ज्ञान तळ, शिलाई आणि वेणीचं असतं. बंद बूट मात्र फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवून होतो, आणि त्या फर्म्यावरून सपाट चामड्यावर पॅटर्न उतरवणं हे वेगळं शास्त्र आहे. ते शिकून आलेला कारागीर घरच्या मालात नवी जात आणू शकतो. हुपरीच्या चांदीकामातून आलेल्यांनी फ्लॉरेन्समधल्या समकालीन दागिन्यांच्या शाळा पाहाव्यात. मात्र तिथं भर कल्पनेवर आणि एकेका नगावर असतो, उत्पादनाच्या वेगावर नाही. ते पटत असेल तरच जा.

जाहिरातीत न लिहिलेलं विचारा

फी किती, यापेक्षा शिक्षकासमोरचा तास केवढ्याला पडतो ते काढा. समजा, एका कोर्सची फी ९०० युरो आणि शिकवण्याचे तास ३०. तास पडला ३० युरोला. दुसऱ्याची फी १,४००, पण तास ६० आणि संध्याकाळी स्टुडिओ उघडा. इथं तास साधारण २३ युरोला पडतो, वर सरावाचा वेळ वेगळा. महाग वाटणारा कोर्स बऱ्याचदा असा स्वस्त निघतो.

ईमेलनं थेट विचारा: एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? कोर्स शिकवणाऱ्याचं नाव काय? संस्थेच्या प्रसिद्ध माणसाचं नाव पुढं करून वर्गात साहाय्यक उभा राहतो, असंही होतं. मॉडेल रोज किती तास बसणार? साहित्य फीमध्ये आहे का? शिकवणं इंग्रजीत आहे की दुभाष्यामार्फत? दुभाष्या असेल तर प्रत्येक सूचना दोनदा बोलली जाते आणि तेवढा वेळ कमी होतो.

मातीकामाबद्दल आणखी एक प्रश्न विचारा: माझी वस्तू माझ्यासमोर भट्टीतून निघेल का? भांडं पूर्ण वाळल्याशिवाय भाजता येत नाही, कारण आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं. वाळवणं, पहिली भाजणी, भट्टी थंड होणं, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) आणि दुसरी भाजणी हे सगळं पाच दिवसांत बसत नाही. एका आठवड्याच्या कोर्समध्ये तुम्ही घडवता, भाजतात दुसरेच, तेही तुम्ही परतल्यावर. ग्लेझ शिकायचं असेल तर किमान तीन आठवड्यांचा कोर्स घ्या किंवा आधीच भाजलेल्या नगांवर फक्त ग्लेझ शिकवणारा शोधा.

इटलीत ऑगस्टचा कोर्स शक्यतो टाळा. १५ ऑगस्टच्या आसपास तिथल्या कार्यशाळा, साहित्याची दुकानं आणि कारागीर सुट्टीवर असतात. जून, सप्टेंबर उत्तम.

अर्ज

दहा-बारा कामं पुरतात. चाळीस पाठवली की निवडणारा पहिली सहा पाहतो आणि त्यातलं सगळ्यात कच्चं लक्षात ठेवतो. परीक्षेसाठी केलेली एकसारखी स्थिरचित्रं दोनच ठेवा. बाकी जागा स्वतःहून केलेल्या कामाला आणि स्केचबुकच्या दोन-तीन पानांना द्या, कारण छोट्या कोर्सचे शिक्षक तयार चित्रापेक्षा विचार कसा चालतो ते शोधतात. फोटो ढगाळ दिवशी, बाहेर सावलीत, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यासमोर धरून काढा. फ्लॅश वापरला तर तैलरंगावर पांढरा डाग येतो. प्रत्येक कामाखाली माध्यम, सेंटीमीटरमध्ये माप आणि वर्ष लिहा.

हेतुपत्र तीनशे शब्दांत बसवा. ‘लहानपणापासून चित्रकलेची आवड’ हे वाक्य गाळा. कोणतं तंत्र, कशासाठी, परतल्यावर ते कोणत्या कामात लागणार, एवढं नेमकं लिहिलं की पुरे. हेच पत्र पुढं व्हिसासाठीही उपयोगी पडतं.

व्हिसा: इथंच बहुतेकांचं बिनसतं

युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट) अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहू देतो, आणि तेवढ्या काळाचा कोर्स त्यात बसतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ पर्यंत जातात. प्रौढांची फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं शुल्क. जुलैचा कोर्स असेल तर मार्चमध्येच अपॉइंटमेंट घ्या. एप्रिल-मेमध्ये सुट्टीला जाणाऱ्यांची गर्दी होते आणि तारखा मिळत नाहीत.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. दोन देश फिरणार असाल तर जिथं जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथं पहिलं पाऊल पडेल तिथं.

नाकारण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कागदांत एकवाक्यता नसणं. फॉर्मवर हेतू ‘पर्यटन’, सोबत शाळेचं प्रवेशपत्र, आणि हॉटेल तिसऱ्याच शहरात. अधिकाऱ्यानं काय समजावं? हेतू ‘शिक्षण’ लिहा, प्रवेशपत्रावरच्या तारखा, तिकीट, विमा आणि राहण्याचं बुकिंग एकमेकांशी जुळवा. कोर्सच्या आधी-नंतर दोन-चार दिवस फिरणार असाल तर तेही वेळापत्रकात लिहा.

दुसरा मुद्दा परत येण्याच्या खात्रीचा. कॉलेजकडून ना-हरकत पत्र घ्या. त्यात रजेच्या तारखा, पुढच्या सत्राची सुरुवात किंवा परीक्षेची तारीख स्पष्ट हवी. स्वतःचा धंदा असेल तर उद्यम नोंदणी, जीएसटी असल्यास त्याची पत्रं, चालू ऑर्डरींची कागदपत्रं.

खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं प्रायोजकपत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर रिटर्न लावा. शेतीवर चालणाऱ्या घरात रिटर्नमधला आकडा लहान दिसतो, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं. म्हणून साखर कारखान्याची ऊसबिलं, दूध संस्थेचं स्टेटमेंट आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा, आणि एका पानावर समजावून सांगा की उसाचा पैसा हप्त्यांनी येतो. अर्जाच्या आठवडाभर आधी पाहुण्यांकडून तीन लाख आणून खात्यात भरणं हा हमखास अंगाशी येणारा प्रकार आहे. अधिकारी शिल्लक पाहतो, तसाच पैसा कुठून आला तेही पाहतो.

नावाकडेही लक्ष द्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात. शाळेचं प्रवेशपत्र, विमा आणि तिकीट सगळं पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच काढायला सांगा.

ब्रिटनचा व्हिसा शेंगेनपासून वेगळा. तिथल्या व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, छंद म्हणून करायचा कोर्स ३० दिवसांपर्यंत.

पैसे पाठवताना

व्हिसा नाकारला तर फी परत मिळेल का, हे लेखी घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम भरू नका. आधी अनामत, व्हिसानंतर उरलेली. बँकेतून पाठवताना सगळं शुल्क पाठवणाऱ्यानं भरण्याचा पर्याय निवडा. नाहीतर मधली बँक काही युरो कापून घेते, शाळेला रक्कम कमी पोचते आणि प्रवेशपत्र अडकतं. फी आणि राहणं वेगवेगळ्या बिलांवर मागा. एकत्र असेल तर बँक त्याला परदेशी टूर पॅकेज धरू शकते, आणि मग टीसीएसचा (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) हिशेब बदलतो. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो, म्हणून त्याचं प्रमाणपत्र जपा. पैसे ज्याच्या पॅनवरून गेले त्याच्याच नावे तो जमा होतो.

सामान

टर्पेंटाइन, मिनरल स्पिरिट, व्हार्निश आणि फिक्सेटिव्हचा स्प्रे विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि पोटातल्याही नाही. हे सगळं ज्वालाग्राही आहे. तिथं जाऊन विकत घ्या. तैलरंगाच्या ट्यूब मोठ्या बॅगेत ठेवा आणि उत्पादकाच्या साइटवरून सेफ्टी डेटा शीट छापून सोबत ठेवा. विचारलं तर ‘पेंट’ म्हणू नका, ‘तेलात घोटलेला कलावंतांचा रंग’ असं सांगून कागद दाखवा. ‘पेंट’ म्हटलं की समोरच्याला भिंतीचा रंग आठवतो. कटर, लिनोची हत्यारं, रापी मोठ्या बॅगेत, टोकांना बुचं लावून. जलरंगाच्या ट्यूब हातातल्या बॅगेत द्रवात मोजल्या जातात, म्हणून वड्यांची पेटी बरी. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

खाऊ म्हणून पेढे आणि तूप नेऊ नका. युरोपीय संघात प्रवाशानं बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कांदा-लसूण चटणी दुहेरी पिशवीत घालून न्या.

जुलै-ऑगस्टचं विमान असेल तर मुंबईला किमान दोन दिवस आधी पोचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. रात्रीची रेल्वे धरून सकाळी उतरायचं आणि त्याच दुपारी विमान, हा हिशेब पावसाळ्यात धरू नका.

तिथं गेल्यावर

पहिल्याच दिवशी शिक्षकाला सांगा की मला हे एक तंत्र नीट हवं आहे. सगळं थोडं थोडं करत बसलात तर हातात काही राहणार नाही. रोज संध्याकाळी प्रमाणं लिहा: आम्ल किती, पाणी किती, प्लेट किती मिनिटं बुडवली, कागद किती वेळ भिजवला. फोटोत हे दिसत नाही. यंत्राची मापंही घ्या, म्हणजे इथल्या फॅब्रिकेटरकडून तसं काही बनवून घेता येईल.

संग्रहालयांचे वार आधी पाहा. फ्लॉरेन्सचं उफ्फिझी सोमवारी बंद, पॅरिसचं लुव्र मंगळवारी. लुव्रमध्ये जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरोंचं तिकीट आहे. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांची १८ ते २५ वयाची मोठी सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना असते, आपल्याला नाही. महिन्याचा पहिला रविवार मात्र सगळ्यांना मोफत. बहुतेक ठिकाणी पेन्सिल आणि लहान वही चालते, रंग आणि स्टँड नाही. लंडनला गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं ईस्ट स्टोअरहाउस चुकवू नका. दोन आठवडे आधी नोंदणी केली की संग्रहातल्या पाच वस्तूंपर्यंत तुमच्यासाठी मोफत बाहेर काढून ठेवतात. कापड, चामडं किंवा धातूत काम करणाऱ्याला एवढ्या जवळून पाहणं दुसरीकडे सहज मिळत नाही.

तैलरंगाचं शेवटचं चित्र परतीच्या किमान आठवडाभर आधी थांबवा. रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही, म्हणून पंख्याखाली धरून फायदा नाही. आठवड्याचाच कोर्स असेल तर शिक्षकाला रंगात मिसळायचं अल्किड माध्यम विचारा, ते लवकर सुकतं. कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून, मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद घालून, किमान दहा सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळा. आत दुमडला की रंगाला सुरकुत्या आणि भेगा पडतात.

कोल्हापुरात परतल्यावर

पावसाळ्यात परतलात तर कागदावरची कामं नळीत पडू देऊ नका. दोन दिवसांत बाहेर काढा, ब्लॉटिंग पेपरमध्ये सपाट ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. ओल धरली की फॅब्रियानोसारख्या कागदावरही बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि ते निघत नाहीत. तैलचित्र भिंतीकडे तोंड करून अंधारात ठेवू नका, तेल पिवळं पडतं. एचिंगच्या तांब्या-जस्ताच्या प्लेटवर दोन्ही बाजूंनी व्हॅसलीनचा पातळ थर देऊन ती बटर पेपरमध्ये गुंडाळा, आणि पुढची प्रिंट काढण्याआधी तो थर टर्पेंटाइननं स्वच्छ पुसून घ्या. रेषांत ग्रीस राहिली तर शाई धरत नाही.