ऊस नक्की कुणी खाल्ला?

बारावीचा आणि बीएस्सीचा निकाल लागला की कराड-साताऱ्याकडच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. "दादा, वन्यजीव संशोधनात जायचंय, काय करायला लागंल?" बहुतेकांच्या डोळ्यांपुढं वाघ असतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, तो आपल्या दाराशीच आहे, त्यामुळं ते साहजिकही आहे. माझी पहिली दोन वर्षं मात्र पाटण तालुक्यात, डोंगराकडेच्या उसात आणि भुईमुगात गेली. पिकाचं नुकसान कोणता प्राणी किती करतो, एवढंच मोजायचं काम.

माझ्या फॉर्मवर रकाने तीन: पीक, क्षेत्र, प्राणी. शेतकरी म्हणायचा "डुकरं", मी लिहायचो रानडुक्कर. पहिल्या महिन्यात असे चाळीसेक फॉर्म भरून मी खूश. मग एका वाडीत एक आजी भेटल्या. त्यांचा मुलगा मला डुकरांनी केलेली नासाडी दाखवत होता. आजी बांधावर बसून ऐकत होत्या, त्या मधेच म्हणाल्या, "डुकरानं खाल्ला आसता तर चोथा पडला आसता की रं. आन् बुडखा बघ, किसणीनं किसल्यागत झालाय. ही साळिंदराची करणी हाय." वाकून बघितलं. उसाच्या बुडाशी दातांच्या बारीक समांतर रेघा होत्या. चार पावलांवर पाचटात एक काळापांढरा काटा पडलेला. पोराचा चेहरा उतरला आणि माझाही, कारण मागचे चाळीस फॉर्म कुठल्या भरवशावर ठेवायचे?

तिथून पुढं मी खुणा शिकलो. डुक्कर भुईमुगात शिरलं की नाकानं माती उकरून चरच्या चर पाडतं. उसाला लोळवतं, चावतं आणि चोथा थुंकतं. मक्याचं कणीस वरून टोचलेलं असेल तर पोपट, खालचं ओढून अर्धवट खाल्लेलं असेल तर कोल्ह्याचा संशय घ्यावा. गवा शेंडे खातो, आणि त्याचा खूर एकदा चिखलात बघितला की पुन्हा चूक होत नाही. हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही. गुराख्यांबरोबर आणि रात्री माळ्यावर राखण करणाऱ्यांबरोबर बसावं लागतं.

"उपद्रवी" हा शब्द वापरताना जरा थांबा. वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा प्राण्यांची वेगळी अनुसूची होती: कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर-घुशी. २०२२च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली. आता भोरड्याच घ्या, म्हणजे गुलाबी मैना. पावसाळा सरताना मध्य आशियातून थव्यांनी येतात आणि ज्वारी हुरड्यात आली की गोफणी सुटतात. हीच भोरडी नाकतोडे आणि टोळही फस्त करते. नुसतं ज्वारीचं नुकसान मोजलंत तर अर्धाच हिशेब हाती येतो.

आता अभ्यास कसा मांडायचा, ते. याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पठारावर आहे. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग शेजारी शेजारी घेऊन तिथं संशोधन झालं. ते २०१८ साली प्रसिद्ध झालं. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आणि सरडे जास्त, तेही बिनधास्त! शत्रूच कमी झाल्यावर त्यांच्या अंगातले ताणाचे संप्रेरकही उतरले. (त्या सरड्याच्या वंशाचं, म्हणजे 'जीनस'चं, शास्त्रीय नावच 'सरडा' आहे, २०१६ साली ठेवलेलं. मला याचा फार आनंद होतो.) चक्क्या नसलेला भाग मोजला नसता तर यातलं काहीच सांगता आलं नसतं.

तुलना करायला जुनी नोंद लागते, आणि ती आपल्याकडं फारशी नाही. माझं आजोळ आटपाडीकडं. लहानपणी तिथल्या माळावर पखुर्ड्या उठायच्या, धाविक पळायचे. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, माळाचं डाळिंब झालं. मामांचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या माळावर आधी नेमके किती पक्षी होते, ते कुणी मोजून ठेवलं नाही. म्हणून सांगतो, तुमच्या गावचा एक माळ आणि एक तळं निवडा, महिन्यातून एकदा ठरल्या वाटेनं, ठरल्या वेळी फिरा आणि काही दिसलं नाही तरी तारीख आणि वेळ लिहून पुढं शून्य मांडा. खटावकरांना येरळवाडी-मायणीचे तलाव हिवाळ्यात हाताशी आहेतच.

शिक्षणाचं थोडक्यात. प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करता येतं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथं खास वन्यजीवांची एमएस्सी आहे, पण जागा मोजक्या. संख्याशास्त्राला घाबरू नका. बाहेर जितके दिवस जातात, त्याहून जास्त संगणकावर 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरपुढं बसून जातात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या. पाटणच्या पावसात पेनाची शाई पसरते, म्हणून पेन्सिल. अभयारण्यात काम असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी, बाकी सगळं नंतर.

माझ्या फॉर्मवर आता चौथा रकाना आहे: "कशावरून ओळखलं?" पहिल्या चाळीस फॉर्मांसाठी मी परत त्या शेतांवर गेलो होतो, पण तोवर नांगरट झाली होती. त्यातले मी एकतीस बाद केले.