पाल खरंच चुकचुकते का, हे घरच्या घरी कसं बघायचं

"मनात शंकेची पाल चुकचुकली" हे आपण सगळेच म्हणतो, पण भिंतीवरची खरी पाल चुकचुकताना डोळ्यांनी किती जणांनी बघितलीय? आवाज बहुतेकांनी ऐकलेला असतो, करणारी दिसलेली नसते, म्हणून मग लोक ठामपणे सांगतात की पालीला कसला आलाय आवाज, रातकिडा असेल नाहीतर माळ्यावर चिचुंद्री असेल. तर आधी सरळ उत्तर, हो, पाल बोलते, आणि जीभ टाळ्याला लावून चक चक करते असंही नाही, फुफ्फुसातली हवा गळ्यातल्या स्वरयंत्रातून सोडून आवाज काढते, म्हणजे आपण काढतो तसाच. तीन-चार रात्री थोडा वेळ दिला तर तुम्ही स्वतः खात्री करू शकता, ते कसं ते खाली लिहितोय.

सुरुवातीला एक समजून घ्या, हे सगळ्या सरड्यांबद्दल नाहीये. बागेतला सरडा मान खालीवर करतो, रंग बदलतो, पण गप्प असतो. सापसुरळी पण गप्पच. घोरपड चिडली तर फक्त फुसकारते. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर एप्रिल-मे मध्ये गेलात तर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा फडकवणारे छोटे सरडे दिसतील (2016 साली शास्त्रज्ञांनी ह्यांच्या वंशाला आपल्या 'सरडा' ह्या मराठी शब्दावरूनच नाव दिलंय, मला त्याचं फार कौतुक आहे), ते सुद्धा सगळं बोलणं त्या पंख्यानेच करतात, कारण लख्ख उन्हात ते दिसतं. पाल पडली रात्रीची. अंधारात रंग दाखवून उपयोग काय, म्हणून आवाज. पालींच्या गोतावळ्यात बऱ्याच जातींत हे आहे, कलहारीच्या वाळवंटात एक बोटभर पाल आहे, तिचा नर संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी बसून ओरडतो आणि बीळ कर्ण्यासारखं काम करतं. आपल्या ईशान्य भारतातली मोठी टोके पाल तर स्वतःचं नावच ओरडते, टो-के टो-के. मलेशिया-इंडोनेशियात घरातल्या पालीला चिचाक म्हणतात, बंगालीत टिकटिकी, आणि कोणी बोलत असताना ती वाजली की बंगाली लोक म्हणतात ठिक ठिक ठिक, म्हणजे बोललास ते खरंय. आपण चुकचुकणं म्हणतो. इतक्या भाषांनी कान देऊन शब्द केलेत, उगाच नाही.

आता कामाचं. जागा निवडा, जिथे रोज रात्री दिवा असतो आणि किडे येतात, बाल्कनीची ट्यूब, जिन्यातला बल्ब, बाथरूमची खिडकी. वेळ दिवेलागणीनंतरची, पाल ट्यूबच्या पट्टीमागून किंवा फोटोच्या फ्रेममागून बाहेर पडते तेव्हा, आणि नंतर एखादा पतंग गिळल्यावर किंवा दुसऱ्या पालीशी झटापट झाल्यावर. थंडीत फार आशा ठेवू नका, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात पाली सुस्त असतात, मार्चपासून पुढे आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर भरपूर ऐकू येतं. पंखा बंद, टीव्ही बंद, आणि भिंतीपासून सात-आठ फुटांवर हालचाल न करता बसायचं. पंधरा मिनिटं काहीच होत नाही म्हणून उठू नका, ती तुम्हाला बघत असते.

टॉर्च लागली तर तोंडावर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरबँडने लावा, पांढरा झोत मारला की ती फटीत जाते आणि त्या रात्रीचं काम संपलं.

नजर कुठे ठेवायची हे महत्त्वाचं. मी पहिल्यांदा नीट बघितलं ते आमच्या जिन्यातल्या ट्यूबखाली. पाल भिंतीला चिकटून होती, शेपटीचं टोक अगदी सावकाश डावीउजवीकडे हललं, थांबलं, मग गळ्याखालची कातडी फुगली आणि चुक्... चुक्... चुक्-चुक्-चुक्, प्रत्येक चुक् बरोबर गळा आणि बरगड्यांकडची बाजू आत जायची, जसं लहान मूल उचक्या देतं तसं. आवाज आणि ते आत जाणं एकाच क्षणी. एकदा हे दिसलं की पुन्हा कोणी किडा म्हणालं तरी तुम्हाला पटणार नाही.

पाल दिसत नाही नुसता आवाज येतोय असं असेल तर मग फरक असा करा. रातकिडा एकसारखा किर्र लावून धरतो, पालीचे वेगवेगळे ठोके असतात, साधारण पाच ते दहा, आणि मग शांत. चिचुंद्रीचा आवाज जमिनीलगत भिंतीच्या कडेने सरकत जातो, पालीचा वरून आणि एका जागेवरून येतो. पावसाळ्यात कोकणात झाडीतले इवलेसे बेडूक टिक टिक करतात, पण ते बाहेरून आणि तासनतास. तरी शंका राहिली तर मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून फोन कपाटावर, दिव्याच्या जवळ ठेवून द्या, आणि नंतर आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या एखाद्या फुकट ॲपमध्ये ती फाईल उघडा. रातकिड्याची आडवी पट्टी दिसते, पालीचा प्रत्येक चुक् वेगळी उभी रेघ म्हणून उमटतो.

ऐकायची सवय झाली की प्रकार कळायला लागतात. आपल्याकडे किनारपट्टीवर सर्रास दिसणारी जी घरपाल आहे (शेपटीवर बारीक काट्यांची वलयं असलेली), तिच्या आवाजांवर डेल मार्सेलिनी ह्या अभ्यासकाने 1974 मध्ये लिहून ठेवलंय, तीन प्रकार सांगितलेत. सलग अनेक चुक्, हा नेहमीचा, जास्त करून नर काढतात, माझी हद्द आहे म्हणून. दुसरा नुसता एकच चुक्, हा घाबरल्यावर किंवा कोणी धरल्यावर. तिसरा घर्र असा हलका, दोन नर भिडले की, आणि तो ऐकायला फार जवळ असावं लागतं. सगळ्या जातीच्या पाली एवढ्या बोलक्या नसतात, त्यामुळे तुमच्याकडची गप्प असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका.

कोण बोलतंय, नर की मादी, हे बघायचं असेल तर खिडकीच्या काचेसारखी सोय नाही. पाल बाहेरून काचेवर बसलेली असताना आतून मोबाईलचा झूम करून पोट बघा. नराच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. मादीच्या पोटात अंडी असतील तर पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी चक्क दिसतात. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून आणलं होतं.

एक मात्र करू नका, आवाज ऐकायचा म्हणून पाल पकडू नका, झाडूने डिवचू नका. ती ओरडेल, पण तो भीतीचा आवाज आहे, आणि शेपटी टाकून जाईल ते वेगळंच. शेपटी परत येते पण शेपटीतला चरबीचा साठा परत भरायला तिला खूप खावं लागतं. आणि ती विषारी नाही, घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा आणि सोबत बसवा, मुलं मोठ्यांपेक्षा जास्त वेळ गप्प बसतात असा माझा अनुभव आहे.

वहीत रोज तारीख, वेळ, किती चुक् आणि कुठून एवढं लिहीत जा. आठवड्याभरात ठरलेल्या जागा कळतात. आमच्याकडे हॉलच्या ट्यूबमागून एक बोलते आणि बऱ्याचदा थोड्या वेळाने स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या बाजूने दुसरी, आता जेवताना सगळेच त्या दुसऱ्या आवाजासाठी घास हातात धरून थांबतात.